जंतूंची वाट



जंतूंविषयी बोलावयाचे तर ते डॉक्टरांनी किंवा कॉलेजातील प्राध्यापकांनी बोलावे, अशी आपल्याकडे साधारण समजूत आहे. आम्ही डॉक्टरही नाही आणि प्राध्यापकही नाही. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले आणि उमेद जिनातले मजूर, हमाल व जंगल कामगार यांच्या संघटनेत खर्ची पडली. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, याला कारण आहे. मजुराच्या घरी खाडे पडतात, कर्ज होते, हाताशी आलेले पोर दगावते, त्यामागे अपुऱ्या मजुरीच्या खालोखाल जर कोणाचा हात असेल तर तो या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा असतो. ज्याने मजुराचे हित पाहावयाचे त्याला जंतूंची ओळख करून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आज आम्हांला मुख्यतः एकच गोष्ट मांडावयाची आहे. जंतू ओळखणे हे एक काम आणि जंतूची वाट ओळखणे हे दुसरे काम. पहिले काम शास्त्रज्ञांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीपासून मोठ्या कष्टाने केले. दुसरे मात्र अद्याप आपल्या दाराशी पडून आहे. कारण जंतूची वाट आपल्या विहिरीवरून, आपल्या राहत्या खोलीतून आणि आपल्या कामाच्या जागेतून जाते.

प्रथम हे जंतू आहेत तरी कसे ते पाहू. ज्यांना शास्त्रात जीवाणू म्हणतात त्यांच्याविषयीच आम्ही बोलत आहोत. देवी किंवा कोविड यांचे विषाणू निराळे, आणि मेळघाटात घरोघर परिचित असलेल्या हिवतापाचा परजीवीही निराळा. जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा संपूर्ण जीव. एका मिलिमीटरच्या रेषेवर पाचशे ते हजार सहज बसतील, इतका तो लहान. पृथ्वीवर त्यांचे वास्तव्य सुमारे साडेतीन अब्ज वर्षांचे. त्यांच्या मानाने माणूस म्हणजे काल वस्तीला आलेला पाहुणा.

हा जीव प्रथम पाहिला तो हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी फान लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या दुकानदाराने. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. कापडाचा पोत भिंगाखाली तपासण्याचा त्या धंद्याचा परिपाठच होता. लेव्हेनहूकने भिंगे घासून घासून इतकी तीक्ष्ण केली की 1676 मध्ये पाण्याच्या थेंबातील हे जग त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. कापसाच्या मुलखातील माणसांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

जीवाणूला जगण्यास चार गोष्टी लागतात: अन्न, ओल, मानवेल अशी ऊब आणि वेळ. या मिळाल्या की तो मध्ये दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. आतड्यात राहणारा एक नेहमीचा जीवाणू सर्व काही अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब करून पाहा. सकाळी आठ वाजता एक असेल तर दुपारी चारपर्यंत चोवीस वेळा दुप्पट होऊन त्याचे 1 कोटी 67 लाखांहून अधिक होतील. मग त्यांनी सारी पृथ्वी कशी व्यापली नाही? कारण अन्न संपते, आणि त्यांनीच टाकलेली आम्ले व इतर द्रव्ये त्यांना बाधतात. सर्वांचा वेग सारखाही नसतो. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात, आणि महारोगाच्या जंतूला सुमारे दोन आठवडे. या वेगातच त्या त्या रोगाचा स्वभाव दडलेला आहे. पटकी एका रात्रीत घर बसविते, क्षय महिनोन्‌महिने झिजवितो आणि कुष्ठरोग वर्षानुवर्षे कळू देत नाही.

परंतु जंतू म्हटला की शत्रू, ही समजूत साफ चुकीची आहे. आपल्या माताभगिनी रोज रात्री कोमट दुधाला चमचाभर विरजण लावतात, तेव्हा त्या जीवाणूंची पेरणीच करीत असतात. दुधातील साखरेचे आम्ल करून हे जंतू दही लावतात, आणि त्या आंबटपणात बहुतेक उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाही. अन्न, ओल, ऊब आणि वेळ यांचा मेळ घालून हव्या त्या जंतूला घरात घेण्याची ही विद्या गृहिणीला शास्त्रज्ञांच्या हजारो वर्षे आधी अवगत होती. आपल्या शरीरातही जेवढ्या पेशी आहेत जवळपास तेवढेच जीवाणू आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात अन्नपचनाला हातभार लावीत गुण्यागोविंदाने राहतात.

शेतात या. वऱ्हाडचा शेतकरी कपाशीत तुरीची तासे का घेतो? पाऊस दगा देईल तर एक तरी पीक हाती लागावे म्हणून, हे खरेच. पण तूर, हरभरा, मूग यांच्यामागून घेतलेले पीक जोमदार येते, हा अनुभवही जुना आहे. तुरीचे रोप अलगद उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. 1886 ते 1888 या काळात हेल्रीगेल व विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी या गाठींचे कार्य सिद्ध केले, आणि 1888 मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने त्यांतील जीवाणू वेगळा काढून दाखविला. झाड या जंतूला साखर पुरविते आणि जंतू हवेतील नत्र झाडाला खाऊ घालतो. ही सामायिक भागीदारी आहे. दोघांचे पोट भरते आणि जमिनीलाही काही उरते. आज बियाण्याला रायझोबियमचे संवर्धन चोळून पेरतात, ते याच गड्याचे बोलावणे. उकिरड्यातील कचऱ्याचे खत करणारेही हेच लोक. ते नसते तर पाला, शेण, मेलेली जनावरे जशीच्या तशी साचली असती आणि जमिनीला पुन्हा काही मिळाले नसते.

तेव्हा जंतू हा स्वभावाने साव नाही की चोर नाही. तो कोठे, किती आणि कोणत्या वाटेने आला यावर सारे अवलंबून असते. इतिहासात याचे दोन मोठे दाखले आहेत. एकात वाट कळली होती पण जंतू ठाऊक नव्हता. दुसऱ्यात जंतू ठाऊक होता पण वाट कळली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला दाखला लंडनचा. 1854 मध्ये तेथे पटकीची साथ उठली. रोग दूषित हवेने होतो, असे बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मात्र घरोघर फिरून मृत्यूंची टिपणे घेतली. त्याला दिसले की, मेलेली बहुतेक माणसे ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत होती. त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तेव्हा ओसरू लागलीच होती हे खरे. तथापि पटकीची वाट पाण्यातून आहे हे त्या टिपणांनी दाखविले. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख याने 1884 मध्ये कलकत्त्यास येऊन तेथील रोग्यांत, आणि ज्या तळ्याचे पाणी लोक वापरीत त्या तळ्यातही, पटकीचा जंतू दाखविला तो पुढे तीस वर्षांनी. आणि हा जंतू मारतो कसा, हे कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सिद्ध केले. जंतूने सोडलेल्या विषामुळे आतडे शरीरातील पाणी व क्षार बाहेर ओतू लागते आणि माणूस सुकून मरतो.

दुसरा दाखला आपल्या मुंबईचा. हाँगकाँगच्या साथीत 1894 मध्ये येरसँ याने प्लेगचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे 23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले तेव्हा जंतू अनोळखी नव्हता. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याच्या गुदामांची वस्ती. तेथे उंदीर मरून पडत होते. पण उंदराच्या अंगावरील पिसवा रोग माणसाकडे आणतात, हे पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये कराचीस प्रयोगाने दाखविले, आणि तेही वर्षानुवर्षे कोणी मानले नाही. 1905 नंतर मुंबईतच झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब झाले.

मधल्या काळात काय झाले? वाट ठाऊक नसल्यामुळे सरकारने सगळ्याच वाटांवर लाठी चालविली. गटारांत कार्बोलिक ओतले, घरांची कौले उतरविली, लोकांचे सामान जाळले, रोग्यांना बळाने इस्पितळात नेले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. पुण्यात या सत्तेचा शेवट 22 जून 1897 रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहतात याची चौकशी ज्यांनी पूर्वी कधी केली नाही, तेच एकाएकी दारात उभे राहून माणूस उचलून नेऊ लागले, तर विश्वास कोठून यावा? विश्वास हा पगारासारखा असतो. काम पडल्या दिवशी मागून तो मिळत नाही, आधीपासून जमा असावा लागतो.

कामगार सातारा-रत्नागिरीकडे पळाले, आणि पाहता पाहता जवळपास निम्मी मुंबई ओस पडली. पळणाऱ्यांच्या बोचक्यांतून पिसवाही गेल्या. गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा नाक्यानाक्यावर मजुरीची बोली लागू लागली आणि कामगार रोजच्या रोज रोख मजुरी मागू लागले. आपल्या श्रमावाचून चाक फिरत नाही, हे कामगाराला कळविण्यास प्लेगासारखे दुर्दैवी निमित्त व्हावे, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय.

या प्लेगात आपल्या चळवळीचे पितामह गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि 10 जून 1890 रोजी आठवड्याची सुट्टी मालकांकडून मान्य करून घेतली. 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते प्लेगाने वारले. त्यानंतर एका महिन्याने, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचविले होते. दोघेही सत्यशोधक आणि दोघेही सेवेत खपले. रोग्याच्या जवळ जाऊ नये हे ज्यांना परवडत होते ते शहराबाहेर राहावयास गेले. ज्यांना माणसे सोडवत नव्हती ते राहिले आणि मेले.

त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्देमार हाफकिन रात्रंदिवस लस तयार करीत होते. 10 जानेवारी 1897 रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळची आजची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लसीने पुष्कळ जीव वाचले यात शंका नाही. तरीही पुढील दोन-तीन दशकांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे प्लेगाने गेली. जेथे धान्य, उंदीर आणि माणूस एकाच छपराखाली राहत होते, तेथे वाट मोकळीच होती. 1898 मध्ये मुंबईत शहर सुधारणेसाठी ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. पण गरिबांच्या खोल्या त्याने बांधल्या त्याहून अधिक पाडल्या. ज्यांची घरे गेली ते शेजारच्या खोल्यांत अधिकच दाटीने राहू लागले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जंतूची वाट न कळल्याने भीती कशी माजते, याचे उदाहरण म्हणजे कुष्ठरोग. त्याचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने 1873 मध्येच पाहिला होता. तो अतिशय संथ, आणि बहुतेक माणसांचे शरीर त्याला सहज परतवून लावते. तरी रोग्यांना गावाबाहेर काढण्याची रीत चालूच राहिली. अशा काळात 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन उभे केले आणि त्यांच्या हाताला काम दिले. भिक्षेऐवजी श्रम, ही गोष्ट आम्हां कामगारांना अधिक भावते. पुढे 1981 नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण माणसाला माणसात ठेवण्याचे काम औषधाच्या आधी झाले होते.

दुसरे उदाहरण खुद्द जिनाचे. सरकी काढताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाते. सुट्टीनंतर कामावर आले की छाती आवळते, दम लागतो, म्हणून विलायतेतील सूतगिरण्यांत याला सोमवारचा आजार म्हणत. शास्त्रीय नाव बिसिनोसिस. कापसाच्या बोंडावर व पात्यावर जीवाणू वाढतात. ते मेले तरी त्यांच्या कवचातील विष धुळीत उरते, आणि या आजारात त्या विषाचा मोठा वाटा आहे असे संशोधक मानतात. येथे जंतू जिवंतही असावा लागत नाही! त्यावर औषधाची बाटली हा उपाय नव्हे. धूळ ओढून नेणारे पंखे, तोंडावर योग्य पट्टी, वेळोवेळी छातीची तपासणी, हे उपाय. जिनाचे काम हंगामी असल्यामुळे मजूर हंगामाबरोबर पांगतो आणि त्याचा खोकला कोणाच्या दप्तरी लागत नाही. तो दप्तरी लावणे हे संघटनेचे काम आहे.

आणि आता मेळघाट. जुलै 2022 मध्ये आपल्या शेजारच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीने काही जणांचा बळी घेतला आणि शेकडो आजारी पडले. नळयोजनेची वीज थकलेल्या बिलापायी तोडली होती व लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले, असे वृत्तपत्रांनी छापले. विचार करा. स्नोच्या टिपणांना 168 वर्षे झाली होती. जंतू ठाऊक होता, त्याचे विष ठाऊक होते, त्याची वाटही ठाऊक होती. तरी तो आला. लंडनला पंपाचा दांडा काढल्याने वाट बंद झाली, आणि येथे पंपाची वीज काढल्याने ती उघडली.

पावसाळ्यात आपल्या डोंगरातून वाहत येणारे पाणी वाटेतील सारी घाण विहिरीत आणि झिऱ्यात उतरविते. पोर आधीच अशक्त असेल तर साधी हगवणही त्याला पुरे होते. 1993 मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा देशभर झाली. तेव्हा आणि नंतरही भूक आणि जंतू हे दोघे हातात हात घालून आले. कोरकू बांधव आधी भुमकाकडे जातात म्हणून त्यांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. आर्थर रोडचा इतिहास त्यांनी वाचावा. भुमका गावात राहतो, मध्यरात्री हाकेला ओ देतो, कोरकूत बोलतो. दवाखान्याने हे तीन गुण घेतले की माणसे आपण होऊन येतात, याची साक्ष बैरागडला राहून काम केलेल्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांचे उदाहरण देते.

करावयाचे काय, हे सांगून आम्ही आटोपते घेतो. पहिले, घरी: हगवण लागताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे, आणि लगेच दवाखाना गाठावा. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. दुसरे, औषधाचे: जंतुनाशक गोळ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि सांगितलेला डोस अर्ध्यावर सोडू नये. आपल्या पिंपरीस 1954 मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हा रोग आता संपलेच असे लोकांस वाटले. पण अर्धवट माराने मरतात ते दुबळे जंतू. चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. क्षयाच्या बाबतीत हे आपण भोगीत आहोत.

तिसरे, सर्वांचे मिळून: ग्रामसभेत दर पावसाळ्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. विहिरीत ब्लीचिंग पावडर कोणत्या तारखेला टाकली? नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी क्लोरीन आहे की नाही याची तपासणी कोणी केली? आणि पंपाचे वीजबिल भरले आहे काय? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि सही घ्यावी. संघटनेत आम्ही एवढे शिकलो की, तोंडी आश्वासन हवेत विरते, लिहिलेले मागता येते.

आपल्या जिल्ह्यातील गाडगेबाबांनी सूक्ष्मदर्शक कधी हाती धरला की नाही ठाऊक नाही. खराटा मात्र आयुष्यभर धरला. कीर्तनाआधी ते गाव झाडीत आणि ज्यांचे गाव त्यांनाही झाडावयास लावीत. जंतूची वाट झाडूनच बंद होते, आणि ती एकट्याने झाडून होत नाही. पावसाळा जवळ आला आहे. विहिरी अजून कोरड्या आहेत, त्यांत उतरून गाळ काढण्यास हेच दिवस चांगले.